गिरणगाव श्रीमंत झालं, की गिरणगावातली माणसं बदलली?

१९७१ च्या जनगणनेत मुंबई बेटाची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या शहराची, लोकसंख्या ३० लाख ७० हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजार भरली. चाळीस वर्षांत फरक जेमतेम पंधरा हजारांचा. हे दोनच आकडे हाती आले तर कुणालाही वाटेल, इथे फारसं काही घडलेलं नाही. आणि नेमक्या याच चाळीस वर्षांत लालबाग, परळ, करी रोड, चिंचपोकळी, डिलाइल रोड, वरळी, नायगाव, शिवडी हा सगळा पट्टा मुळापासून पालटला. कापडगिरण्यांचे भोंगे थांबले, धुराड्यांच्या चिमण्या पडल्या, चाळींच्या जागी चाळीस-चाळीस मजले उभे राहिले. मग आकडा हलला कसा नाही? कारण जेवढे गेले, जवळपास तेवढेच आले. एकूण बेरीज सारखी राहिली, बेरजेतली माणसं वेगळी झाली.

मधल्या गणना पाहिल्या तर हालचाल थोडी दिसते. १९८१ ला ३२ लाख ८५ हजार, १९९१ ला ३१ लाख ७५ हजार, २००१ ला ३३ लाख ३८ हजार, आणि मग पुन्हा घसरण. महापालिकेच्या जी-दक्षिण विभागात, ज्यात वरळी, प्रभादेवी, लोअर परळ येतात, २००१ ला सुमारे ४ लाख ५८ हजार माणसं होती, ती २०११ ला ३ लाख ७८ हजारांच्या आसपास आली. दहा वर्षांत सहातला एक माणूस कमी. एफ-दक्षिण, म्हणजे परळ-लालबाग-शिवडी, ३ लाख ९६ हजारांवरून ३ लाख ६१ हजारांवर. ज्या दशकात टॉवर भराभर उभे राहत होते, त्याच दशकात माणसं घटली. हे कोडं नाही. १६० चौरस फुटांच्या खोलीत सात माणसं राहत होती आणि १,२०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये तीन राहतात. काही फ्लॅटांत तर कुणीच राहत नाही. २०११ च्या गणनेत बृहन्मुंबईत ४ लाख ८० हजारांच्या घरात घरं रिकामी आढळली होती.

आजच्या बोलण्याचा मुद्दा एवढाच आहे की वस्तीचं सरासरी उत्पन्न वाढणं आणि वस्तीतल्या माणसांचं उत्पन्न वाढणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडची मोजणी या दोन्ही एकातच ढकलते. गिरणगावाच्या निमित्ताने त्या वेगळ्या कशा काढायच्या ते पाहू. ही वस्ती बनली कशी ते आधी सांगायला हवं. त्याशिवाय तिथली मोजणी समजत नाही.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला ती सुरू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत गिरण्या उत्तरेकडे सरकत परळ-लालबागपर्यंत आल्या. कामगार आला तो मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून, ज्यात तेव्हा आजचा सिंधुदुर्गही होता, आणि घाटावरच्या सातारा-कोल्हापूर भागातून. मदनपुऱ्यात उत्तरेकडचे मुसलमान विणकर आले, तेलुगू पद्मशाली आले. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्यांपैकी सुमारे ८४ टक्के लोक मुंबईबाहेर जन्मलेले होते आणि हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे हे एकट्या पुरुषांचं गाव होतं. एका गावची पोरं मिळून एक खोली घेत, तिला गावकीची खोली किंवा गाळा म्हणत. पहिल्या पाळीचा उठला की दुसऱ्या पाळीचा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. जेवण खानावळवालीकडे, पगार झाला की मनिऑर्डर गावाला.

यात उत्पन्नाच्या दृष्टीने एक गोष्ट दडली आहे. त्या काळात गिरणगावातला पगार गिरणगावात राहत नव्हता. कमाई परळला, खर्च मालवण-चिपळूणला. त्या वेळच्या खोलीवरून कामगाराची ऐपत ठरवली तर चुकतं, कारण त्याचं खरं घर कोकणात होतं आणि तिथून तांदूळ, कुळीथ, कोकमं उलट मुंबईला येत होती. ही देवाणघेवाण पुढेही चालू राहिली, आजही अगदी थांबलेली नाही. लालबागच्या घरचा महिन्याचा खर्च विचारताना गावाहून काय येतं हे विचारलं नाही, तर हिशेब चुकलाच म्हणून समजा.

१९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बीडीडी चाळी बांधल्या. वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीत १२, अशा एकूण २०७. तळमजला अधिक तीन, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला सामायिक. खाजगी चाळींची घडणही साधारण हीच. मग १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठलं. खोली वारसाने मुलाकडे जाऊ लागली, विकायची तर पागडीवर, म्हणजे भाडेहक्काची एकरकमी किंमत घेऊन. बायकामुलं आली, खोलीत संसार मांडला गेला. पण गोठलेल्या भाड्यात मालकाला डागडुजी परवडेना. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं आणि भाडेकरूंवर उपकर बसला. ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द तिथून आला.

या गोठलेल्या भाड्याला नावं ठेवण्याची पद्धत आहे. त्याची दुसरी बाजू सांगायला हवी. १९८२ च्या गिरणी संपानंतर, पगार थांबलेला असताना, जी कुटुंबं शहराच्या मध्यावर टिकून राहिली ती या भाड्यामुळेच. भाडं बाजारभावाने असतं तर १९८३ सालीच अर्धं लालबाग रिकामं झालं असतं.

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेला असं कधी झालंच नाही. मालकांना गिरणी चालवण्यापेक्षा जमीन मोलाची वाटू लागली होती. संपाआधीच्या कायम कामगाराला काय काय मिळत होतं ते नीट पाहा: मूळ पगार, महागाईच्या निर्देशांकाला बांधलेला महागाई भत्ता, बोनस, भविष्यनिर्वाह निधी, ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, दवाखाना, शेवटी ग्रॅच्युइटी. बदली कामगाराला, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी लागणाऱ्याला, यातलं बरंच मिळत नव्हतं, पण त्याच्या डोळ्यांपुढे ती वाट होती. संपानंतर त्याच माणसाला वॉचमनची, कुरिअरची, ड्रायव्हरची नोकरी मिळाली किंवा त्याने भाजीची गाडी लावली. काहींची रोख कमाई पूर्वीइतकीच झालीही असेल. पण महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा गेला आणि आजारपणात मागे उभं राहणारं काही उरलं नाही. उत्पन्नाचा आकडा विचारणाऱ्या पाहणीत ही पडझड दिसत नाही. उत्पन्नाची जात बदलली होती, आणि माझ्या मते गिरणगावातला सगळ्यात मोठा बदल तोच.

घराला तारलं बऱ्याच ठिकाणी बायकांनी. खानावळी तर आधीपासून होत्याच. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. संपानंतर डबे, मसाला, पापड, धुणीभांडी, शिवण यांवर घरं चालली. आणि ही कमाई जनगणनेत ‘घरकाम’ या रकान्यात जाऊन बसली.

आता जमिनीकडे येऊ. शहरात ५८ गिरण्या होत्या आणि त्यांच्याखाली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम ढोबळमानाने असं सांगत होता की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीला लागू झाली, बांधकामाखालची जमीन वाटणीतून सुटली. गिरणीच्या आवारात मोकळं असं असतं किती? शेड, गोदाम, चिमणी, खातं यांनीच ते भरलेलं. त्यामुळे सार्वजनिक वाटा आक्रसला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. दरम्यान २००५ मध्ये लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची साडेसतरा एकरांच्या आसपासची जमीन ७०२ कोटींना गेली होती. एकराला चाळीस कोटी. या भावाच्या जमिनीवर कोणत्या उत्पन्नाचं घर उभं राहणार हे त्याच दिवशी ठरलं.

कामगारांच्या वाट्याला म्हाडाची सोडत आली. २०१२ ला ६,९२५ घरं, २०१६ ला २,६३४, २०२० ला ३,८९४. गिरण्यांच्या जमिनीवरच्या या तीन सोडतींची बेरीज साडेतेरा हजारांच्या आत भरते आणि अर्जदार होते पावणेदोन लाखांच्या आसपास. तेरा जणांत एक घर, तेही २२५ चौरस फुटांचं. उरलेल्यांपुढे २०२४ पासून शेलू-वांगणीचा प्रस्ताव ठेवला गेला. बदलापूरच्याही पलीकडे. कामगार संघटना त्याच्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. परळला राबलेल्या माणसाला परळच्या जमिनीत वाटा हवा असणं यात गैर काय आहे?

आता मोजणीकडे वळतो, कारण इथे चांगले चांगले अभ्यासक घसरतात.

पहिली घसरगुंडी विभागाच्या सरासरीची. जी-दक्षिणमध्ये वरळी सी-फेस आहे, वरळी कोळीवाडा आहे, बीडीडी चाळी आहेत, लोअर परळचे टॉवर आहेत. या सगळ्यांची मिळून एक सरासरी काढली तर ती कुणाचीच नसते. जनगणनेचा प्रगणन गट साधारण १२० ते १५० कुटुंबांचा असतो. तेवढाच तुकडा घ्या. एक मोठी चाळ, किंवा दोन लहान चाळी आणि शेजारची एक इमारत.

दुसरी दिवसाची आणि रात्रीची. जनगणना रात्री कोण कुठे राहतो ते मोजते. गिरणीचा कामगार चालत कामावर जायचा, त्यामुळे दिवसाची आणि रात्रीची वस्ती बरीचशी एकच होती आणि स्टेशनं त्या बेताची होती. गिरणीच्या आवारात कार्यालयं आली तेव्हा काम करणारा माणूस विरार, कल्याण, पनवेलहून गाडीने येऊ लागला. रात्रीची लोकसंख्या घटली, म्हणून कागदावर वस्ती हलकी झाली. दिवसाची कितीतरी वाढली, ती कुठल्या कागदावर आलीच नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. पाऊस, अफवा, गर्दी ही तात्कालिक कारणं झाली. त्यांच्यामागे हे होतं की परिसराचा धंदा बदलला आणि जिन्याची रुंदी तीच राहिली. लोकसंख्येचा आकडा चुकीच्या वेळी घेतला तर माणसं मरतात, इतका हा विषय गंभीर आहे.

तिसरी सरासरीतल्या भेसळीची. फळ्यावर साधं गणित मांडतो, आकडे निव्वळ उदाहरणापुरते. एका तुकड्यात १०० कुटुंबं, आजच्या किमतीत मोजलं तर सरासरी उत्पन्न महिना ३०,००० रुपये. वीस वर्षांत ४० कुटुंबं गेली आणि त्यांच्या जागी ४० नवी आली. राहिलेल्या ६० जणांची सरासरी ३२,००० झाली, नव्या ४० जणांची २ लाख आहे. एकूण सरासरी काढा: ६० गुणिले ३२,००० म्हणजे १९ लाख २० हजार, ४० गुणिले २ लाख म्हणजे ८० लाख, बेरीज ९९ लाख २० हजार, भागिले १००. उत्तर ९९,२००. वस्तीचं उत्पन्न तिपटीहून जास्त वाढलं असं छापून येईल. प्रत्यक्षात जो माणूस तिथेच होता त्याचं वाढलं दोन हजारांनी, शेकडा सातही नाही. आणि जे ४० गेले ते या हिशेबात कुठेच नाहीत. ते डोंबिवलीत, दिव्यात, नालासोपाऱ्यात कुठल्यातरी दुसऱ्या सरासरीत मिसळून गेले.

म्हणून आधी मध्यक काढा: उत्पन्नं चढत्या क्रमाने लावून मधोमध येणारं. वरच्या उदाहरणात मध्यक साठांच्या गटातच पडतो, म्हणून तो खोटं बोलत नाही. मात्र नवे ६० आणि जुने ४० झाले की मध्यकही उडी मारतो, तेव्हा त्याच्यावर विसंबून भागत नाही. खरा उपाय म्हणजे राहिलेले, गेलेले आणि आलेले असे तीन गट वेगळे ठेवायचे आणि तिन्हींचं उत्पन्न निरनिराळं मांडायचं. जुन्या रकमा आजच्या किमतीत आणायच्या तर औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक वापरा. शिमल्याचा लेबर ब्युरो तो काढतो आणि त्यात मुंबई हे वेगळं केंद्र आहे. देशाचा सरसकट निर्देशांक इथे लावू नका.

हे प्रत्यक्ष करायचं कसं? खोलीयादीपासून सुरुवात करा. प्रत्येक खोलीसाठी पाच रकाने: भाडेपावतीवरचं नाव, प्रत्यक्ष राहणाऱ्याचं नातं (तोच, वारस, पोटभाडेकरू, पागडीने घेतलेला), माणसं किती, एका चुलीवर जेवणारी कुटुंबं किती, आणि खोली उघडी की बंद. चौथा रकाना महत्त्वाचा. जनगणनेत एका स्वयंपाकघरावर जेवतात ते एक कुटुंब. चाळीत एकाच खोलीत दोन भाऊ, मध्ये पडदा आणि दोन शेगड्या असं सर्रास असतं. ते एक कुटुंब धरलं तर उत्पन्न फुगतं, गर्दी लपते.

बंद खोली एकदा पाहून बंद म्हणू नका. तीन फेऱ्या हव्यात: कामाच्या दिवशी सकाळी, रात्री आठनंतर आणि रविवारी. मे महिना, शिमगा आणि गणपती टाळा. मेमध्ये आणि शिमग्याला अर्धी चाळ कोकणात असते. गणपतीत तर उलटसुलट गोंधळ असतो: काही घरं गावी गेलेली आणि डोंबिवलीला गेलेली मुलं-सुना मंडळाच्या गणपतीसाठी चाळीत उतरलेली. त्या दहा दिवसांत मोजाल तर गिरणगाव रिकामं झालेलंच नाही असं दिसेल. दोघांची एक जोडी एका संध्याकाळी बारा ते पंधरा खोल्या नीट करू शकते. त्यापेक्षा जास्त केल्या तर शेवटच्या खोल्यांचे रकाने ‘वरीलप्रमाणे’ भरले जातात. जोडीत एक बाई असलीच पाहिजे.

उत्पन्न थेट विचारू नका. ‘किती कमावता?’ या प्रश्नाला उत्तर कमी येतं आणि गोल येतं. घरात कमावणारे किती, प्रत्येकाचं काम कायम, कंत्राटी की रोजावर, पगाराला ठरलेली तारीख आहे का, मागच्या महिन्यात किती दिवस काम मिळालं, हे विचारा. मग खर्चाच्या बाजूने या: विजेचं बिल, सिलिंडर किती दिवस जातो, शाळेची फी, कर्जाचा हप्ता, औषधं. या भागात वीज बेस्टची. जमलं तर जानेवारीचं आणि मेचं अशी दोन बिलं पाहा. दोन्हींतला फरक मोठा असेल तर घरात एसी आहे हे न विचारता कळतं. टॉवरमध्ये वर्षभर युनिट नगण्य असतील तर तो फ्लॅट कुणाचा राहता नाही, गुंतवणुकीचा आहे. बायकांशी वेगळं बोला. ‘काही करत नाही’ हे पहिलं उत्तर असतं. ‘उन्हाळ्यात मसाल्याची ऑर्डर किती किलोची घेतली?’ असं विचारलं की हिशेब निघतो. मार्च ते मे लालबागच्या मसाला बाजारातले मिरची-मसाला कुटायचे डंके दिवसभर चालतात. मिरची निवडणं, देठ काढणं, भाजणं यांची मजुरी किलोवर असते. ती अनेक घरांची पावसाळ्याआधीची बेगमी असते आणि वार्षिक उत्पन्नात ती कुणीच धरत नाही.

कागदपत्रांबद्दल सावध राहा. रेशनकार्डाचा रंग उत्पन्नाचं माप म्हणून वापरायचा मोह होतो: पिवळं वर्षाला १५ हजारांपर्यंत, केशरी १ लाखापर्यंत, पांढरं त्यावर. पण १ लाख म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. आज वॉचमनची कमाईही त्याच्या वर जाते, कार्ड मात्र केशरीच राहतं, कारण ते बदलून घेण्याचं कुणाला कारण नाही. तो रंग कार्ड काढलं तेव्हाची स्थिती सांगतो. उत्पन्नाचा दाखला फीमाफी किंवा योजनेच्या मर्यादेकडे पाहून काढलेला असतो. मतदारयादीत गेलेल्यांची नावं वर्षानुवर्षं राहतात, म्हणून राहणाऱ्यांच्या मोजणीला ती निरुपयोगी. पण गेलेले शोधायला तीच यादी कामाची.

गेलेल्यांना शोधायचा सगळ्यात चांगला कागद मात्र सरकारी नाही. तो आहे गणेशोत्सव मंडळाचं वर्गणीचं पावतीपुस्तक. चिंचपोकळीचं मंडळ १९२० पासूनचं, गणेश गल्लीचं १९२८ पासूनचं, लालबागच्या राजाचं १९३४ पासूनचं. ही झाली मोठी नावं, पण प्रत्येक चाळीचं स्वतःचं लहान मंडळ असतं आणि त्याच्या स्थळप्रतींवर खोली क्रमांक, नाव, रक्कम, साल असतं. दहा-दहा वर्षांच्या अंतराने चार पुस्तकं समोर ठेवली की कुठली खोली कधी हातबदल झाली ते दिसतं. रक्कम बदलत गेलेली दिसते, कुणी एका वर्षी दिलीच नाही ते दिसतं. आणि गेलेल्याचा नवा पत्ता बहुतेक वेळा मंडळाकडे असतो, कारण तो आजही वर्गणी पाठवतो. विक्री झालेल्या फ्लॅटांसाठी नोंदणी खात्याची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचा उतारा, पाहा. पागडीचे व्यवहार तिथे पूर्ण किमतीने दिसतीलच असं नाही, म्हणून चाळींसाठी पावतीपुस्तकच बरं.

पुनर्विकासाबद्दल शेवटी बोलतो, कारण उत्पन्नाचा प्रश्न आता तिथे अडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५००, तेही मालकीचं, संडास-बाथरूम घरात. ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचं मोल कमी करू नये. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईत २०२२ पासून मालमत्ता कर नाही, तोही दिलासा आहे. पण चाळीत महिन्याचं भाडं नाममात्र होतं आणि चाळीस मजल्यांच्या इमारतीला लिफ्ट लागते, पाणी वर चढवायचा पंप, आगीचा पंप, जनरेटर, सांडपाण्याचा प्रकल्प, पहारा लागतो. हा खर्च चौरस फुटाला महिना ६ रुपये धरला तर ५०० फुटांना ३,००० रुपये. समजा देखभालीसाठी घरटी १ लाखाचा निधी ठेवला आणि ६ टक्के व्याज मिळालं, तर वर्षाला ६,००० म्हणजे महिन्याला ५०० आले. उरलेले २,५०० खिशातून. आता गिरणीतून निवृत्त झालेल्या माणसाची ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन पाहा: महिना १,००० रुपये. कमावता मुलगा जवळ असेल तर निभतं. नसेल तर म्हातारं जोडपं फ्लॅट भाड्याने देतं आणि बदलापूरला जाऊन राहतं. त्या भाड्यावर त्यांचं बरं चालतंही. पण तुमच्या पाहणीत त्या दारामागे आता ऐंशी हजार कमावणारा भाडेकरू असतो आणि तक्त्यात लिहिलं जातं की पुनर्वसन इमारतीतल्या कुटुंबांचं उत्पन्न वाढलं. म्हणून पुनर्वसनाच्या इमारतीत पहिला प्रश्न उत्पन्नाचा नको. सभासद नोंदवहीतलं नाव आणि दार उघडणारा माणूस एकच आहे का, हे आधी लिहा.

मालक राहतात तिथे तीन गोष्टी तपासा: देखभालीची थकबाकी किती घरांची आणि किती महिन्यांची, निधी कुठे आणि किती दराने ठेवला आहे, आणि लिफ्टच्या देखभाल कराराची मुदत कधी संपते. पहिली काही वर्षं यंत्रं नवी असतात, खर्च दिसत नाही. दहाव्या-बाराव्या वर्षी लिफ्टचे दोर, पंप, गळती एकदम अंगावर येतात आणि विक्रीची लाट बहुधा तेव्हा येते. तेव्हा पुन्हा मोजायला जायचं तर आजची यादी हाताशी हवी.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या गणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. दोन गणनांमध्ये सोळा वर्षांचं अंतर पडलं, आणि याच सोळा वर्षांत शेकडो चाळी पाडल्या गेल्या. त्या अंतरात कोण गेलं याची नोंद सरकारकडे मिळणार नाही. ती मंडळांच्या कपाटांत आहे. चाळ रिकामी करताना पहिलं काय टाकलं जातं, तर ही जुनी पावतीपुस्तकं, रद्दीवाल्याला किलोवर. ज्यांच्या चाळीला रिकामं करण्याची नोटीस आलेली आहे त्यांनी या आठवड्यात एवढं करावं: पुस्तकं सालवार लावावीत, प्रत्येक पानाचा मोबाइलवर उजेडात फोटो काढावा, फोटोच्या नावात साल आणि खोली क्रमांक घालावा, एक प्रत मंडळाकडे आणि एक जवळच्या वाचनालयात ठेवावी. आणि ट्रान्झिट कॅम्पला जाणाऱ्या प्रत्येकाचा फोन नंबर त्याच्या खोली क्रमांकासमोर लिहून घ्यावा, सामान टेम्पोत चढायच्या आधी.